पांढरी तीनवरून काळी एकवर

घरात पेटी असेल तर पांढरी पाचला षड्ज धरा. आधी खालचा सा, भाता भरून. मग वरचा सा. तिथून खाली येऊन काळी एकवर थांबा. हा झाला तीव्र मध्यम. तो सरळ ठेवू नका, थरथरू द्या, आणि विरू लागला की पुन्हा खालच्या 'सा'पासून सुरुवात करा. पुढे पंचमावर जायचं नाही, मागे गंधारावर उतरायचं नाही. घाई तर अजिबात नाही. मिनिटाला साठेक मात्रांची लय पुरे.

यमन शिकलेल्या माणसाला तीव्र मध्यम परका नसतो. पण यमनात तो कधी एकटा पडत नाही. गंधाराकडून येतो, पंचमाकडे किंवा धैवत-निषादाकडे निघून जातो. इथे त्याला मागचा सूर नाही आणि पुढचाही नाही. मारवा किंवा पूरिया ऐकताना जी कातरता दाटते, तिच्या बरंच जवळचं हे काही आहे. फरक एवढाच, की मारव्यात गायक षड्ज लांबवत नेतो आणि तो लागला की जिवाला थारा मिळतो. इथे षड्ज पहिल्याच क्षणी देऊन टाकलेला असतो आणि तरी थारा मिळत नाही.

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. त्या दिवशी इंग्लंडात एक तबकडी बाजारात आली. बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ', तबकडीचं नाव तेच आणि पहिल्या गाण्याचं नावही तेच. सुरुवातीला पावसाचा आवाज, लांबवर चर्चची घंटा, आणि मग गिटारवर हे तीन सूर. डूम मेटल नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचं सगळं कूळ या तीन सुरांपाशी जाऊन पोचतं. हेवी मेटलच्या बाकीच्या शाखा पुढे वेगाच्या मागे लागल्या. कोण मिनिटाला किती आघात करतो याची चढाओढ सुरू झाली. डूमवाले उलटे गेले. लय उतरवत नेली, सूर खाली खेचत नेले, एकेका आघातामधली जागा वाढवत नेली. दुःखाबद्दल गायचं तर त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा, असा हा बाणा.

हे संगीत मी यवतमाळात राहून ऐकत आलो आहे आणि ते मला कधी परमुलखातलं वाटलं नाही. त्याचं कारण शोधायला गेलं की गोष्ट थेट कारखान्यात आणि कापसात जाते.

०००

बर्मिंगहॅम शहराचा ॲस्टन हा भाग कामगारांचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमवर बॉम्ब टाकले, कारण तिथे लढाईचं सामान तयार होत होतं. १९४८-४९च्या सुमाराला जन्मलेली तिथली मुलं पडक्या घरांच्या जागांवर खेळत मोठी झाली. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बर्न ही त्यांतलीच चार. ऑझीचं घर सहा भावंडांचं. आई लुकास कंपनीत कामाला, आणि तिने मुलालाही तिथे लावून दिलं. मोटारींचे हॉर्न नीट वाजतात का हे दिवसभर ऐकत बसायचं, हे त्याचं काम. पुढे तो कत्तलखान्यात कामाला लागला. मग घरफोडीत सापडला, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून काही आठवडे तुरुंगात राहून आला. गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबाचं काम शिकत होता. बँडची बहुतेक गाणी पुढे त्याने लिहिली. बिल वॉर्डने ड्रम वाजवायला घेतला तो जीन क्रूपासारख्या जॅझ वादकांच्या ओढीने. ब्लॅक सॅबथच्या जड गाण्यांतही त्याचा हात जो झुलतो, तो त्या जॅझमुळे. पुढच्या पुष्कळ डूम बँडना ते झुलणं जमलं नाही. त्यांचं गाणं जड झालं, पण चालायचं थांबलं.

आणि टोनी आयोमी. साल १९६५, वय सतरा. पत्र्याच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी गिटार. एका बँडबरोबर युरोपचा दौरा ठरला होता, म्हणून नोकरी सोडायची होती. शेवटचा दिवस. त्याने नंतर सांगितलं आहे ते असं, की दुपारी तो जेवायला घरी आला आणि आता परत जात नाही म्हणाला. आई म्हणाली, काम धरलंय तर दिवस पुरा करून ये. तो गेला. पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला तिथे उभं केलं. त्या यंत्राची त्याला सवय नव्हती. यंत्राचा दाब हातावर आला, त्याने झटक्याने हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली.

आयोमी डावखुरा. म्हणजे त्याचा उजवा हात तारा दाबण्याचा. सतारीवर मींड काढणारा हात म्हणा. डॉक्टरांनी सांगितलं, वाजवणं विसर. तो घरी बसला. तेव्हा कारखान्याचा व्यवस्थापक एक तबकडी घेऊन आला आणि म्हणाला, ही ऐक. आयोमीला नको होतं. त्या माणसाने आग्रह धरला. तबकडी होती जांगो राइनहार्टची. ऐकून झाल्यावर त्याने सांगितलं, हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतोय, १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि हात भाजला, तेव्हापासून. तो व्यवस्थापक ही तबकडी घेऊन आला नसता तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला वाटतं.

पुढचं काम आयोमीने स्वतःच्या हाताने केलं. भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापल्या सळईने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, काचकागदाने घासघासून टोपी केली. प्लॅस्टिकवर तार घसरायची, म्हणून जुन्या जाकिटाच्या कातड्याचा तुकडा वरून चिकटवला. अशा दोन टोप्या. त्या घातल्या की बोटाला तार लागत नाही, तिचा स्पर्शच नाही. किती दाबलं हे फक्त कानाने ओळखायचं. जाड तारा ओढताना दुखायचं, म्हणून पातळ तारा हव्या होत्या. तशा गिटारसाठी मिळत नव्हत्या, तेव्हा बँजोच्या तारा आणून लावल्या. तरीही ताण जाणवे. मग त्याने सगळी गिटारच खाली उतरवली. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तबकडीतली काही गाणी नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेल्या गिटारवर आहेत. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर. तारा सैल पडल्या, बोटांना आराम मिळाला, आणि त्यातून जो आवाज निघाला तो कोणी आधी ऐकलेला नव्हता. ढिल्या तारेचा सूर उमटल्यावर क्षणभर हलतो, मग स्थिर होतो. मोठ्या अँपमधून तो कानापेक्षा छातीत जास्त लागतो. बोटं कमी म्हणून अनेक स्वरांचे नाजूक कॉर्ड टाळून सा आणि प, एवढ्या दोन स्वरांचे भरभक्कम कॉर्ड त्याने वापरले. आज जगभरातले मेटल गिटारवाले दहाही बोटं शाबूत असताना तारा सैल करतात आणि तेच दोन स्वर वाजवतात. एका मजुराच्या अपघाताने एका संगीताची पट्टी ठरवून दिली. यवतमाळच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जिनिंगमध्ये, मळणीयंत्रात, कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

०००

या चौघांचा बँड १९६८ साली उभा राहिला. पहिलं लांबलचक नाव टाकून त्यांनी 'अर्थ' हे नाव घेतलं, आणि त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्यावर १९६९ साली 'ब्लॅक सॅबथ' झाले. हे नाव इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा याच्या १९६३च्या भयपटाचं. लोक घाबरायला पैसे देऊन जातात, मग घाबरवणारं संगीत का असू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. समोरासमोर उभे राहून वाजवलं, जवळजवळ मैफलीसारखं. पाऊस आणि घंटा नंतर घातली.

त्या तीन सुरांचं मूळही मोठं गमतीचं आहे. बटलरला गुस्टाव्ह होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला 'मार्स' फार आवडे. तो ते बासवर वाजवत बसे, आणि त्यावरून आयोमीला हा तुकडा सुचला. हा होल्स्ट संस्कृत शिकलेला. ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने इंग्रजीत चाली दिल्या, सत्यवान-सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. बर्मिंगहॅमच्या पोरांनी त्याच्याकडून मंगळ घेतला. षड्ज आणि तीव्र मध्यमातल्या या अंतराला युरोपात सैतानाचा सूर म्हणत आणि मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, असं मेटलवाले मोठ्या हौसेने सांगतात. बंदीच्या गोष्टीला आधार नाही. आणि भारतीय कानाला तर सांगावंच लागेल, की सूर कुठलाही वाईट नसतो. त्याला कुठे आणून एकटा सोडता, यावर सगळं आहे.

समीक्षकांना हे गाणं आवडलं नाही. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने पहिल्या तबकडीची सालपटं काढली. लोकांनी ऐकलं नाही त्याचं. ती तबकडी ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेली, त्याच वर्षी आलेली 'पॅरानॉइड' पहिल्या क्रमांकावर. तिच्यातलं 'वॉर पिग्ज' हे गाणं व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. युद्ध ठरवणारे आणि युद्धात मरणारे वेगळे असतात, हा त्याचा विषय. 'हँड ऑफ डूम' हे युद्धावरून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांबद्दल. या बँडला सैतानाचे पुजारी ठरवून त्यांच्या नावाने बोटं मोडली गेली. गाणी नीट ऐकली तर दिसतं की भुताखेतांपेक्षा सत्तेची, यंत्राची आणि व्यसनाची भीती त्यांत जास्त आहे. कारखान्याच्या वस्तीतल्या मुलांना भुताची भीती ती काय असणार?

०००

डूमची शैली समजून घ्यायला ख्याल ऐकणाऱ्या मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. आपल्याकडे विलंबित लय ही प्रतिष्ठेची गोष्ट. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमऱ्यात बंदिश मांडत, तेव्हा एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत श्रोता श्वास धरून बसे. समेवर येण्याची ओढ लय जेवढी कमी तेवढी वाढते. डूम मेटलमध्ये हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने होते. तिथे राग नाही, विस्तार नाही. आहे तो रिफ, म्हणजे गिटारचा मुखडा. तो पुन्हा पुन्हा येतो, बदल अगदी कमी होतो, आणि ऐकणारा त्याच्याआड काय लपलंय ते शोधू लागतो. ड्रमवाला आघात मुद्दाम किंचित मागे ठेवतो. वाटतं, आता आला, आता आला, आणि तो जरा उशिरा येतो. या केसभर उशिरात सगळं वजन आहे. जलद मेटल वाजवणाऱ्यांनाही हे सहज जमत नाही. संथ वाजवताना दोन आघातांमध्ये चूक लपवायला जागा नसते.

दुसरी गोष्ट नादाची. आपला तंबोरा जसा गाण्याखाली सतत राहतो, तसा इथे गिटारचा ओढलेला, फाटलेला, घरघरणारा सूर राहतो. अँपची क्षमता संपेपर्यंत आवाज वाढवला की सूर फाटतो आणि त्यातून उपस्वर बाहेर पडतात. वाद्य थांबलं तरी आवाज थांबत नाही. अमेरिकेतल्या 'स्लीप' या बँडचं 'डोपस्मोकर' हे एकच गाणं तासाभराहून लांब आहे. ध्वनिमुद्रिका कंपनीला असलं काही कसं विकायचं ते कळेना, आणि ते पूर्ण रूपात २००३ साली बाहेर आलं. फिनलंडच्या 'स्केप्टिसिझम'ने गिटारच्या जोडीला ऑर्गन घेतला आणि लय इतकी उतरवली की तिला फ्यूनरल डूम असं वेगळं नाव पडलं. अंत्ययात्रेची चाल. त्यांची 'स्टॉर्मक्रोफ्लीट' ही १९९५ची तबकडी पहिल्यांदा ऐकताना चुकून कमी गतीवर लावली की काय असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती गती आपली होते, आणि मग रेडिओवरचं कुठलंही गाणं पळत सुटल्यासारखं वाटू लागतं.

सॅबथनंतर ही वाट काही काळ अरुंद राहिली. अमेरिकेत व्हर्जिनियाचा 'पेंटाग्रॅम', शिकागोचा 'ट्रबल', लॉस एंजलिसचा 'सेंट व्हायटस'. या शेवटच्या बँडने नावसुद्धा सॅबथच्याच एका गाण्यावरून घेतलं. १९८६ साली स्वीडनच्या 'कँडलमास'ने 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' ही तबकडी काढली आणि डूम हा शब्द या शैलीला कायमचा चिकटला. मग १९९०च्या आसपास ही धार पुन्हा इंग्लंडात वळली. हॅलिफॅक्समधून 'पॅराडाइज लॉस्ट', ब्रॅडफर्डमधून 'माय डाइंग ब्राइड', लिव्हरपूलमधून 'अनॅथिमा'. तिघांच्या तबकड्या यॉर्कशायरच्या पीसव्हिल या छोट्या कंपनीने काढल्या. डेथ मेटलचा घोगरा आवाज आणि डूमची लय त्यांनी एकत्र आणली. 'माय डाइंग ब्राइड'ने त्यात व्हायोलिन आणलं. १९९३च्या 'टर्न लूज द स्वान्स'मध्ये ते व्हायोलिन ऐका. सजावटीला ठेवलेलं नाही, गाणं तेच पुढे नेतं.

ही तीन गावं एकदा नकाशावर बघावीत. ब्रॅडफर्ड हे लोकरीचं जागतिक केंद्र होतं. हॅलिफॅक्सच्या डीन क्लफमध्ये जगातला सर्वांत मोठा गालिच्यांचा कारखाना होता, तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. लिव्हरपूल हे कापसाचं बंदर. बंद गिरण्या, रिकामे बाप, ओसाड इमारती, सततचा पाऊस. त्या काळात वाढलेल्या मुलांनी संगीत निवडलं ते असं.

आणि लिव्हरपूलला उतरणाऱ्या कापसात आपला कापूस होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीवर आली. भाव चढले, पैसा खेळला, युद्ध संपल्यावर भाव कोसळले. परमुलखातल्या घडामोडीने आपला शेतकरी उठतो आणि बसतो, ही गोष्ट तेव्हापासूनची. कापूस वाहून न्यायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले, ११३ किलोमीटर. तीच आपली शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. आता गाडीच धावत नाही. तिकडच्या गिरण्या बंद पडल्या, इकडच्या सूतगिरण्या बंद पडल्या. एकाच धाग्याची ही दोन टोकं. त्या टोकाच्या पोरांनी डूम मेटल वाजवलं.

०००

भारतात या शैलीचं घर म्हणजे बंगळुरू. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे 'डाइंग एम्ब्रेस' उभा राहिला, पुढे 'बेवर सी' आणि 'जिन अँड मिस्काटॉनिक'. 'बेवर सी'ची पहिली तबकडी २०१२ची, आणि तिच्यात सॅबथचं ऋण कुठेही लपवलेलं नाही. मुंबईत रॉकची परंपरा जुनी. १९८६पासूनचा इंडिपेंडन्स रॉक, धोबीतलावच्या रंगभवनातल्या मैफली. रुग्णालयांजवळचा शांतता विभाग म्हणून रंगभवनातलं गाणं थांबलं, तेव्हा मुंबईच्या मेटलचं उघड्यावरचं घर गेलं. तरी 'डॉर्मन्ट इन्फर्नो' आणि 'प्रिमिटिव्ह' या मुंबईच्या बँडनी डेथ मेटल आणि डूमची सांगड घातली. 'प्रिमिटिव्ह'ची 'इम्मॉर्टल अँड व्हाइल' २०१६ची. वाजवतात उत्तम. माझी तक्रार भाषेबद्दल आहे. गाणी इंग्रजीत, गाण्यातली भुतं इंग्रजी, थडगीही तिकडची. आयोमी आणि बटलरने जे केलं ते स्वतःच्या वस्तीतून केलं होतं. आपल्याकडे त्यांचा आवाज आला, वस्ती आली नाही.

०००

यवतमाळ जिल्ह्याच्या दुःखाबद्दल लिहिताना हात आवरून लिहावं लागतं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले, गाण्या-भजनात रमणारे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. दरवर्षी १९ मार्चला महाराष्ट्रात अनेक जण त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. पहिली नोंद एका गाणाऱ्या माणसाची असावी, हे माझ्या मनातून जात नाही. मेटलमध्ये मरणाची फॅशन करणारे बँड पुष्कळ आहेत. तसलं गाणं या जिल्ह्यात बसून ऐकवत नाही, आणि ऐकूही नये. डूममधला जो भाग मला जवळचा वाटतो तो याच्या उलट आहे. शोक उघड्यावर आणायचा, चार माणसांत बसून वाजवायचा, ऐकणाऱ्याला त्याच्या खोलीत एकटं सोडायचं नाही.

अशी रीत आपल्याकडे आहेच. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा या भागातल्या बंजारा तांड्यांवर लग्नात नवरी ढावलो गाते. साथीला वाद्य नाही. आई, बहीण, काकी, मैत्रीण, एकेकीच्या गळ्यात पडून ती गाते. ओळ लांबत जाते, शेवटाला सूर खाली ओढला जातो आणि हुंदक्यात मिसळतो. समोरची बाई तिथून सूर उचलते. निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून ती माहेराचा निरोप घेते, त्या गाण्याला हवेली म्हणतात. हे रडणं शिकवावं लागतं. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया पोरीला ते शिकवतात. कुठे श्वास घ्यायचा, कुठे सूर सोडायचा, कोणाच्या गळ्यात पडल्यावर काय म्हणायचं. शोकाला तालीम लागते, शिस्त लागते, हे तांड्यावरच्या बायांना केव्हापासूनच ठाऊक आहे. फ्यूनरल डूमची एखादी तबकडी आणि ढावलो पाठोपाठ ऐकून बघावं. सूर खाली सोडण्याची रीत, ओळ संपताना रेंगाळणं, लयीला धरून न ठेवणं, यांत साम्य आहे ते वरवरचं नाही. परधान गायकांची किंगरी घ्या, तीही अशीच एका सुराला धरून कुळाच्या कथा सांगत राहते.

शोकाने चव्हाट्यावर येण्याचं आणखी एक उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकरांच्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या, आणि त्या नाटकात रंगमंचावर उभ्या होत्या त्या अशाच शेतकरी घरांतल्या एकल स्त्रिया. दुसऱ्या कोणी त्यांचं दुःख त्यांच्या वतीने रडून दाखवलेलं नव्हतं. त्या दिवशी व्यासपीठावर त्या बोलल्या, तेव्हा समोरच्या मांडवाला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

०००

५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथचे चौघे ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या फुटबॉल मैदानावर शेवटचे एकत्र आले. मूळ चौघं वीस वर्षांनी एका मंचावर. ऑझीला पार्किन्सन, उभं राहणं होत नव्हतं. तो खुर्चीत बसून गायला. 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड', चारच गाणी. मेटॅलिकापासून स्लेयरपर्यंत मोठमोठे बँड त्यांच्याआधी वाजवून गेले होते. कार्यक्रमाची मिळकत पार्किन्सनसाठी काम करणारी संस्था, मुलांचं रुग्णालय आणि मुलांचं शुश्रूषागृह यांच्यासाठी होती. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. वय शहात्तर. अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून, ब्लॅक सॅबथ ब्रिज असं नाव दिलेल्या पुलाजवळून गेली आणि लोक दुतर्फा उभे होते. ज्या शहराने या पोरांना कत्तलखाना आणि पत्र्याचा कारखाना दिला, त्याच शहराच्या रॉयल बॅलेने २०२३ साली त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य केलं. आपल्या मजुरांचं गाणं आपलं म्हणायला शहराला पन्नास वर्षं लागली.

यवतमाळच्या मुलांनी असा बँड काढावा असं मला मनापासून वाटतं. गिटार आता हप्त्यावर मिळते, अँप मिळतो, ध्वनिमुद्रण घरात होतं. तारा काळी एकवर उतरवाव्यात. शब्द वऱ्हाडीतले घ्यावेत. स्वर लांबवायला वऱ्हाडी फार सोयीची आहे, 'काहाले' आणि 'कोठी' हे शब्द एका आवर्तनभर ताणले तरी तुटत नाहीत. तांड्यावर जाऊन ढावलो ऐकावा, गाणारीला विचारून ऐकावा, तिचे सूर घ्यायचे असतील तर तिचं नाव आणि तिचा वाटाही द्यावा. मरणाचं कौतुक करणारी एकही ओळ लिहू नये.

पहिलं गाणं २०१७च्या फवारणीवर करावं. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरात जिल्ह्यात कीटकनाशकाची बाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. 'वॉर पिग्ज'ने जसं नाव न घेता बोट नेमकं रोखलं, तसं हे गाणं रोखता येईल. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, औषध वर मारावं लागे आणि ते अंगावर उतरत असे. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, एका हाताने दांडा हलता, दुसऱ्या हातात नळी, चिखलातून पाय काढत तासातासातून सरकायचं. पाऊल, दांडा, पाऊल, दांडा. ती चाल संथ आहे, जड आहे, आणि दिवसभर एका लयीत चालते. ड्रमवाल्याने एकदा हंगामात शेतावर जावं, फवारणाऱ्याच्या मागे अंतर ठेवून चालावं, त्याची पावलं घड्याळावर मोजावीत आणि तीच लय घेऊन तालमीला बसावं.